नातवाची बंदूक

निवृत्तीनंतर माणसाने कशात मन रमवावे, यासंबंधी आमच्या स्नेहीमंडळींनी आम्हांस पुष्कळ सल्ले दिले होते. कोणी ज्ञानेश्वरी सुचविली, कोणी बागकाम, कोणी सकाळचा फेरफटका. बंदुकीचा चाप किती वजनाला सुटावा याचा विचार करीत बसावे, असे मात्र कोणीच सांगितले नव्हते. आणि गेले तीन महिने आमचे चित्त नेमके त्याच प्रश्नाभोवती घोटाळत आहे.

निमित्त आमच्या नातवाचे. १ ऑगस्ट २०२४ या दिवशी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी पन्नास मीटर रायफलीच्या तीन आसनांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. हा गृहस्थ कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा, आणि नोकरी तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासण्याची. आपल्यातलाच एक सरकारी नोकर तिकडे उभा राहून नेम धरतो आहे, हे दूरचित्रवाणीवर पाहताना आमचा ऊर भरून आला. नातवाचा ऊर भरून येऊनच थांबला नाही. एग्मोरमध्ये रायफल क्लब आहे, तेथे आपले नाव घालावे, असा त्याने धोशा लावला. त्याचे वय बारा. जन्म चेन्नईचा, तो तमिळ शाळेतल्या मित्रांशी बोलतो आणि मराठी आमच्याशी.

तसे पाहिले तर घरात बंदुकीचे नाव काढावे असा हा काळ नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आणि त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनंतर आपल्या देशात हौसेची शिकार उरलेली नाही, आणि ती उरली नाही हे उत्तमच झाले. ज्या राधानगरी तालुक्यातून कुसाळे आले, तेथील दाजीपूरचे रान हे एके काळी कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे रान होते. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य म्हणून राखून ठेवले गेले. आता गवे रानात निर्धास्त चरतात आणि त्याच तालुक्यातला मुलगा कागदाच्या वर्तुळावर नेम धरून देशाला पदक मिळवून देतो. शिकार गेली आणि नेम राहिला. परंतु बंदूक कागदावर रोखलेली असली तरी तिच्या अंगचा स्वभाव पालटत नाही, आणि ती कोवळ्या हातात द्यावयाची तर वडीलधाऱ्यांची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही.

कायद्याची बाजू आम्ही सवयीने आधी पाहून घेतली. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे एकवीस वर्षे पूर्ण झाल्यावाचून कोणास बंदुकीचा परवाना मिळत नाही. मात्र शिकण्यापुरती, जाणत्याच्या देखरेखीखाली ती हाताळण्याची सवलत लहानांना आहे. साडेचार मिलिमीटर व्यासाच्या, बेताच्या शक्तीच्या हवेच्या बंदुकीला तर परवानाही लागत नाही. कागद सारे नीट होते, आणि कागद नीट असले की आमच्यासारख्या जुन्या सरकारी माणसास सर्वच नीट आहे असे वाटू लागते.

एका रविवारी नातवास घेऊन आम्ही पॅन्थिऑन रस्त्यावरील शासकीय संग्रहालयात गेलो. १८५१ मध्ये स्थापन झालेले हे संग्रहालय मद्रासेत बदलून आलेल्या बहुतेक मराठी कुटुंबांनी एकदा तरी पाहिलेले असते. मंडळी अमरावतीची शिल्पे पाहतात, चोळकालीन नटराजापुढे उभी राहतात आणि थकून बाहेर पडतात. शस्त्रांच्या दालनात मराठी माणसाने थोडे अधिक रेंगाळावे असे कारण आहे. १८५५ मध्ये तंजावरचे भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. राजवाड्यातील शस्त्रागाराची पुढे वाताहत झाली, आणि त्यांतली काही शस्त्रे या संग्रहालयात येऊन विसावली. बदलीवर आलेल्या माणसाला बदलीवर आलेली ही शस्त्रे पाहून एक प्रकारचा जिव्हाळा वाटतो.

तेथे नातवाने तोड्याच्या बंदुकीकडे बोट करून विचारले, “आजोबा, हिचा ट्रिगर कुठे आहे?”

आम्ही त्यास चाप दाखविला आणि वर घोडाही समजावून सांगू लागलो. तो हसत सुटला. बंदुकीत घोडा कशाला, असे त्याचे म्हणणे. शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध तमिळ गृहस्थांनी आमचे हातवारे ओळखले आणि ते म्हणाले, “कुदिरै, कुदिरै.” तमिळमध्येही बंदुकीच्या त्या भागाला कुदिरै, म्हणजे घोडाच म्हणतात! दोन्ही भाषांतल्या लोकांना ती वस्तू पाहून एकच जनावर आठवावे, हे काही उगीच नव्हे. लगाम सुटला की ते कोणाचे ऐकत नाही.

तोड्याच्या बंदुकीत मात्र लगाम सुटत नसे. तिचा चाप म्हणजे एक लांबट तरफ. तिच्या एका टोकास बोट आणि दुसऱ्या टोकास पेटता तोडा धरणारा चिमटा. बोटाने चाप ओढावा तसतसा चिमटा रंजकाकडे झुकत जातो आणि बोट सैल केले की मागे फिरतो. तोडा रंजकास टेकेपर्यंत माणसाला परतीची वाट मोकळी असते. पुढे गारेच्या आणि मग टोपीच्या बंदुका आल्या. त्यांत ताणलेल्या कमानीच्या जोरावर घोडा आधीच उभा असतो. त्याच्या मुळाशी एक बारीक खाच असते, तीत चापाचे टोक अडकलेले असते, आणि बोटाने फक्त ते टोक खाचेतून निसटवायचे असते. निसटले की संपले. पावसापाण्यात न विझणारी, झटकन उडणारी बंदूक माणसाला मिळाली. मधल्या मध्ये त्याची परतीची वाट गेली.

हे सारे नातवाला सांगताना आम्हांस फार शहाणे झाल्यासारखे वाटत होते. तो शहाणपणा किती उसना होता, हे पुढच्याच आठवड्यात कळले.

आमचे एक स्नेही निवृत्त होऊन पुण्यास परतले. सामान आवरताना त्यांनी आपली जुनी, कमानीवर चालणारी हवेची बंदूक नातवासाठी म्हणून आमच्या हवाली केली. “चाप अगदी लोण्यासारखा आहे,” ते अभिमानाने म्हणाले, “मुलाच्या बोटाला मुळीच त्रास होणार नाही.” आम्हीही घरी येऊन तो चाप ओढून पाहिला आणि सुखावलो. पोराची बोटे कोवळी. त्याला हीच बरी, असे आमच्या मनाने घेतले. ती बंदूक पिशवीत घालून आम्ही नातवासह नेमबाजी शिकविणाऱ्या एका बाईंकडे गेलो.

बाई तमिळ, वयाने आमच्या मुलीएवढ्या, बोलण्यात मोजक्या. त्यांनी बंदूक हाती घेतली, नळी समोरच्या मातीच्या बांधाकडे वळवून ती रिकामी असल्याची खात्री केली आणि कमान ताणली. मग चापाला बोटही न लावता बंदुकीचा दस्ता जमिनीवरील रबराच्या चटईवर हलकेच आपटला. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी बंदूक आपोआप ‘फट्ट’ म्हणून सुटली.

नातू दचकला आणि मग हसला. आम्ही मात्र शेजारच्या बाकावर बसलो. तो आवाज आम्ही पूर्वी ऐकला होता.

१९७० सालची दिवाळीची सुटी. कुडाळ तालुक्यातील आमचे मूळ गाव. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा व्हायचा होता, कारभार रत्नागिरीचा. भात पिकले की रानडुकरे उतरत, म्हणून आमच्या मोठ्या काकांजवळ शेताच्या राखणीची परवान्याची बंदूक होती. दोन नळ्यांची, बाहेरून घोडे असलेली. आमचे वय नातवाएवढे, बारा. काकांनी त्या वर्षी आम्हांस हाकाऱ्याला नेण्याचे कबूल केले. पण उजव्या नळीचा चाप आमच्या बोटाला ओढता येईना. काकांना आमचे हिरमुसलेले तोंड पाहवले नाही. त्यांनी बंदूक एका कारागिराकडे नेली. त्याने आतली खाच कानशीने घासून उथळ केली, आणि बंदूक परत आली तेव्हा चाप फुलासारखा हलका झाला होता. काकांनी तो आमच्यावरील मायेने करविला होता.

त्या दिवशी झुडपात खसखस ऐकून आम्ही घोडा चढविला. डुक्कर आले नाही. हाकारा संपला, माणसे परतू लागली. चढविलेला घोडा उतरवायचा म्हणजे अंगठ्याने तो घट्ट धरून, चाप ओढून, हळूहळू खाली सोडायचा. इतक्या हलक्या चापाशी तो खेळ करण्याची आमची छाती होईना. अंगठा निसटला तर, या भीतीने आम्ही घोडा तसाच ठेवला. आणि ‘काका, मला उतरवता येत नाही’ एवढे सांगण्याची लाज वाटली. पुढे चिऱ्यांचा गडगा ओलांडताना दस्ता दगडावर आपटला. आमचे बोट चापावर नव्हते. बार उडाला आणि पुढे चाललेल्या हाकाऱ्यांपैकी एका वयस्क गड्याच्या पोटरीत छर्रे शिरले.

त्यानंतरचे आम्हांस तुटक आठवते. काकांनी बंदूक आमच्या हातून काढून घेतली ती इतक्या चपळाईने, की पोलीस पाटील आले तेव्हा ती आपल्याच हातून उडाली असे त्यांनी सांगितले आणि ते कोणास खोटे वाटले नाही. गड्याला मांचीवर घालून नेताना त्याने आम्हांस जवळ बोलावले आणि हळूच म्हटले, “बाबू, कोणाक सांगा नको.” काकांचा परवाना गेला. गड्याचा पाय वाचला, पण तो जन्मभर लंगडत चालला. काकांनी त्याच्या नावे जमिनीचा एक तुकडा करून दिला. आम्ही शिकलो, परीक्षा उत्तीर्ण झालो, केंद्र सरकारच्या नोकरीत लागलो. ‘वर्तणूक उत्तम’ असा दाखला आम्हांस ज्या कागदावर मिळाला, त्या कागदाखाली आणखी दोन माणसांचे मौन होते. रजेवर गावी गेलो की तो गडी आमच्यासाठी कोकमे घेऊन येई. आमच्या जिभेवर शब्द येत आणि परत फिरत. आता काका नाहीत, गडीही नाही. पन्नासांहून अधिक वर्षे आम्ही मनाशी एकच बचाव घोळवीत आलो: आमचे बोट चापावर नव्हते. तो बचाव खरा होता. पण घोडा उभा होता, हेही तितकेच खरे होते.

आणि इतके सोसून, नातवासाठी आम्ही लोण्यासारखाच चाप उचलून आणला होता! काकांनी मायेपोटी जे केले, नेमके तेच मायेपोटी आम्ही करावयास निघालो होतो. त्यांना निदान अनुभव नव्हता. आम्हांस तोही होता.

माणूस एका टोकावरून उठला की बहुधा दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. आम्ही बाईंना म्हटले, “याला शक्य तितका जड चाप द्या. दोन किलोचा असला तरी चालेल.” कॉलेजात एन. सी. सी.त असताना आम्ही हाताळलेल्या रायफलींचे चाप असेच निबर होते, आणि त्यांनी कोणाचे वाईट केलेले आम्ही पाहिले नव्हते.

बाईंनी वाद घातला नाही. एका रिकाम्या बंदुकीचा चाप त्यांनी जड करून नातवाच्या हाती दिला. पोराने ओढला. बोटाने जमेना तेव्हा मनगटाने ओढला, मग खांद्याने. डोळे मिटले, दात आवळले, आणि चाप सुटला त्या क्षणी नळी वीतभर बाजूला गेली होती. “पाहिलेत?” बाई म्हणाल्या. “बंदूक केव्हा सुटणार हेच त्याला कळत नाही. मुलाला न कळता सुटते ती बंदूक जड असली काय आणि हलकी असली काय, सारखीच.”

मग त्यांनी आम्हांस शांतपणे समजावून दिले. मोठ्या स्पर्धांतील हवेच्या रायफलीचा चाप शंभर ग्रॅमच्याही आत ठेवलेला असतो, कारण त्या प्रकाराला नियमाने किमान वजनाचे बंधन नाही. पिस्तुलाला मात्र आहे: दहा मीटरच्या हवेच्या पिस्तुलाचा चाप पाचशे ग्रॅमच्या आत सुटता कामा नये, पंचवीस मीटरच्या पिस्तुलाचा एक किलोच्या आत. स्पर्धेपूर्वी नळी उभी धरून चापाला तेवढे वजन टांगतात आणि बंदुकीने ते उचलून धरले तरच खेळाडूला पुढे जाऊ देतात. रायफलीवरचे ते शंभर ग्रॅम वर्षानुवर्षे तयार झालेल्या बोटाचे असतात. नवशिक्याने तेथून सुरुवात करणे म्हणजे तट्टावर न बसलेल्याने एकदम अरबी घोड्यावर मांड टाकणे होय.

वजनापेक्षाही त्यांनी आधी पाहिले ते अंतर. दस्ता मुलाच्या खांद्याला लांब पडत असेल आणि चाप बोटापासून दूर असेल, तर बोटाचे नेमके पेर चापावर बसत नाही. पोर मूठ सरकवून, अंग वाकडे करून तेथवर पोचते, आणि अशा ओढाताणीत अपघाताचे बीज असते. त्यांनी दस्ता आखूड केला, चाप मागे घेतला, पहिल्या पेराचा मांसल भाग सरळ त्यावर टेकेल असा बसविला. मग दोन टप्प्यांचा चाप असलेली एक बंदूक निवडली. अशा चापाचा पहिला टप्पा मऊ असतो. बोट मागे येता येता एका जागी अडते. तेथे चाप जणू विचारतो, ‘खरोखर सोडावयाचे आहे काय?’ त्यापुढे थोडा अधिक भार दिला तरच ती सुटते. सारे मिळून भार पाचशे ग्रॅमच्या आसपास ठेवला. शेवटी तीच परीक्षा: कमान भरून, रिकाम्या नळीने, दस्ता चटईवर आपटून पाहिला. पुष्कळदा आपटला. बंदूक मुकी राहिली.

आम्हांस वाटले, आता नेम धरावयास शिकवतील. बाईंनी वेगळेच शिकविले. बंदूक उचल, नेम धर, पहिला टप्पा ओढ, अडेल तेथे थांब. आणि आता बोट सैल करून, बंदूक न उडविता खाली ठेव. असे दहा वेळा. नातू कंटाळला. “उडवायची केव्हा?” त्याने विचारले. “न उडविता खाली ठेवता येईल तेव्हा,” बाई म्हणाल्या. मोठे नेमबाज नेम स्थिरावला नाही की घड्याळ चालू असतानाही रायफल खाली घेतात, श्वास सोडतात आणि पुन्हा उचलतात. हे त्यांच्या तोंडून ऐकल्यावर आम्हांस पॅरिसची ती स्पर्धा नव्याने आठवली.

आणि आमच्या ध्यानी आले, की काकांच्या बंदुकीत उणे होते ते हेच. तिचा चाप आमच्या बोटाला ओढता येत होता, पण चढलेला घोडा आम्हांस उतरविता येत नव्हता. मुलाला कोणते हत्यार द्यावे, हे ठरविताना आपण पाहतो ते त्याला ते चालविता येते की नाही. पाहावयाचे ते, त्याला ते न चालविता परत ठेवता येते की नाही. तंजावरच्या त्या जुन्या तोड्याच्या बंदुकीला जी परतीची वाट होती, ती या नव्या चापाच्या पहिल्या टप्प्यात पुन्हा सापडते. आणि चाप कसाही असो, ‘मला उतरवता येत नाही’ हे सांगण्याची मुलाला लाज वाटू नये, एवढी सोय तर कोणताच कारागीर करून देऊ शकत नाही. ती घरातल्यांनी करावयाची असते.

परतताना एग्मोर स्थानकापाशी आम्ही कॉफी घ्यावयास थांबलो. नातवाने सहज विचारले, “आजोबा, तुम्ही कधी खरी बंदूक चालवली आहे का?”

या प्रश्नास आमचे ठरलेले उत्तर होते. एन. सी. सी.तील दोन-चार गमती सांगून आम्ही आजवर तो विषय संपवीत आलो. आमच्या मुलालाही तेवढेच ठाऊक आहे, सौभाग्यवतींनाही. त्या दिवशी आम्ही पेला खाली ठेवला आणि कुडाळच्या गडग्यापासून सारे सांगितले. काकांनी स्वतःवर घेतलेला आळ, गड्याचा पाय, कोकमे, सारे. सांगताना आवाज दोनदा अडला, पण आम्ही थांबलो नाही.

पोर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “त्या आजोबांना तुम्ही सॉरी म्हणालात का?”

“नाही,” आम्ही म्हटले.

“का?”

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता आले नाही. बाहेर गाडीची घोषणा चालली होती, आधी तमिळमध्ये, मग हिंदीत, मग इंग्रजीत.

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. बाईंनी त्यास प्रथमच छर्रा भरू दिला. त्याने बंदूक उचलली, नेम धरला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग बोट चापावरून काढून कड्याबाहेर सरळ ठेवले, नळी बांधाकडेच ठेवून बंदूक खाली घेतली आणि बाईंकडे वळून न पाहता मोठ्याने म्हणाला, “माझा हात हलतो आहे. आता नको.”

बाईंनी येऊन बंदूक रिकामी केली. त्या दिवशी त्याने एकही छर्रा उडविला नाही. घरी येताना आम्ही त्यास भररस्त्यात जवळ घेतले, आणि आजोबांना एकाएकी काय झाले ते त्या पोराला ठाऊक होते.

स्नेह्यांची ती लोण्यासारख्या चापाची बंदूक आम्ही अद्याप परत केलेली नाही. कमान काढून, निकामी करून ती कपाटाच्या तळाशी ठेवली आहे. त्यांना पत्र लिहिणे आहे. यंदाच्या दिवाळीत नातवाला घेऊन कुडाळला जावयाचे आणि गड्याच्या घरी, त्याच्या मुलांपुढे बसून, जे त्याच्यापुढे बोलावयाचे राहिले ते बोलावयाचे, असेही ठरविले आहे. तिकिटे काढून झाली आहेत.